पास झालेला रस्ता
माझ्यासारख्याने लिहिणं जरा धाडसाचंच, त्याबद्दल माफ करा. पण आज राहुरीत कॉलेजसमोर ताज्या डांबराचा वास आला आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली आमची नवी वसाहत आठवली. रस्ता आणि गटार दोन्ही पास झाल्याशिवाय नगरपालिका नळ देणार नव्हती, आणि आई टँकरमागे धावून पार थकली होती. रस्ता आधीच पास झाला होता. गटार तपासायला साहेब आले, तर बिल्डरने चेंबरच्या झाकणांवरूनच डांबर ओतलेलं. साहेबांनी विचारलं, "झाकणं कुठं आहेत?" बिल्डरचा माणूस म्हणाला, "हायेत की साहेब, खालीच." "मग उकरा." "पास झालेला रस्ता कसा उकरायचा, साहेब?" आईने हंडा खाली आपटला. "आवं सायेब, मग आमी काय डांबर प्यायचं व्हय?" साहेब गाडीत बसले. आत्ताच वडिलांचा फोन आला: शेवटी रस्ता उकरला, गटार पास झालं, आणि उकरला म्हणून रस्ता नापास झाला.