कंडक्टर आणि परका

कंडक्टर सुनेला नावाने हाक मारत नसे. ती घरीच ब्लाउज शिवायची, म्हणून "ए मशीन!" म्हणायचा. तीही मनातल्या मनात त्याला जे म्हणायची, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

बसची नोकरी संपल्यापासून तो खिडकीशी बुद्धिबळाचा लाकडी पट मांडून गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पाणी पाजत बसे. कात्री चालवता चालवता ती बघायची. बघून बघूनच शिकली. एका दुपारी कोणीच फिरकलं नाही, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बस समोर. प्यादं कसं चालतं ते तरी ठाऊक आहे का?"

तिने त्याचा वजीर मारला. मग शह, मग मात. कंडक्टरने पटच उधळला. एक उंट थेट खिडकीबाहेरच्या गटारात.

"बायकांशी खेळणं म्हणजे वेळेची माती," म्हणाला, आणि मुलाकडून मोबाईलवर बुद्धिबळ घेतलं. "आता मी जगाशी खेळतो."

पट माळ्यावर गेला. सुनेनेही तोच खेळ आपल्या फोनवर घेतला, 'परका' असं नाव लावलं आणि त्याला आव्हान धाडलं. भिंतीच्या अलीकडे शिलाई मशीन, पलीकडे कंडक्टर. रोज हरायचा, रोज परत बोलवायचा.

एकदा जेवताना तो मुलाला म्हणाला, "परका म्हणून एक जण आहे. काय डोकं आहे लेकाचं! असला माणूस समोर आला तर पाय धरीन."

वाढता वाढता तिचा हात थांबला. खरं तर तिला हसू यायला हवं होतं; आली तिडीक. तिने फोन त्याच्या ताटाशेजारी आपटला. "धरा पाय, मामंजी."

कंडक्टरने पडद्यावरचं नाव वाचलं. मुलगा खो खो हसला, त्यानेच घात केला.

"फोननेच चाली सांगितल्या असणार!" कंडक्टर कडाडला. "लबाड आहेस तू!"

"मग फोन ठेवा बाजूला. पट काढते."

"माझे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांनी खेळता का?"

तो ताटावरून उठला. नवऱ्याने "जाऊ दे ना, वडीलधारे आहेत" म्हटलं, तर त्यालाही तिने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी तिने पट माळ्यावरून उतरवून कापडं बेतायच्या टेबलावर मांडला. उंटाच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. मापं द्यायला आलेल्या बायका थांबू लागल्या. एक शिकली, मग दुसरी. हसणं, ओरडणं, मोहरे आपटणं.

"हे घर आहे की अड्डा?" कंडक्टर पलीकडून ओरडे.

"दार लावून घ्या," ती सांगे.

तो दार लावी. जरा वेळाने तिच्या फोनवर कंडक्टरचं आव्हान यायचं, परक्याला. ती समोरच्या बाईचा हत्ती मारायची, मग बोटाने ते नाकारायची. अजूनही नाकारते.