सहा फुटांतला वेटर

"सहा फूट काप आणि जोड, बापू! चार सेकंदं जातील. कोण बघतंय?" फ्रँक म्हणाला.

"मी नाही कापणार."

टोरांटोतल्या इटालियन वस्तीतलं जुनं थिएटर. फ्रँक मॅनेजर आणि मी प्रोजेक्शनिस्ट, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. शाळा चौथीपर्यंत, पण कोल्हापुरात वीस वर्षं मशीनवर काढून आलेलो. हे मी फ्रँकला दर आठवड्याला ऐकवायचो.

त्या दिवशी सिन्योर मारेंगी येणार होते. इटलीचे मोठे नट. न्हाव्याचा मुलगा, हॉटेलात बश्या धुणारा. पुढे साठ वर्षांत चोर, पाद्री, मंत्री, सगळं करून झालेलं. आता पंच्याऐंशी वय. त्यांचा पहिलावहिला पिक्चर सात वाजता लावायचा होता. प्रिंट इटलीहून आलेली, हाऊसफुल्ल. आणि चार वाजता मला तिसऱ्या रिळात फाटकी जागा सापडली.

फिल्मच्या कडांना भोकं असतात. मशीनचे दात त्यांत अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. इथं सहा फूट एका बाजूची भोकं पार फाटलेली. नशीब, आवाजाची पट्टी दुसऱ्या बाजूला होती. तशीच लावली असती तर भर शोमध्ये तुटली असती. म्हणजे फ्रँक अगदीच येड्यासारखं बोलत नव्हता.

पण मी ती फाटकी फिल्म दिव्यासमोर धरून भिंग लावलं होतं. एक पोरगेला वेटर ट्रे घेऊन टेबलांमधून चाललाय. नाकाचं हाड वाकडं. या माणसाचे दोन पिक्चर मी कोल्हापुरात रविवारी सकाळच्या शोला चालवले होते. भाषा कळली नाही, नाक पाठ झालं.

"फ्रँक, तुझा पाहुणा या पिक्चरमध्ये कुठे आहे?"

"छोटा रोल आहे म्हणे. असेल कुठंतरी गर्दीत."

"सगळी रिळं तपासलीत मी. एवढाच आहे तो. हे घे भिंग, बघ, आणि मग तूच काप."

फ्रँकने बघितलं. तोंडाचा रंगच उडाला. "ओ माय गॉड. बापू, तुला रिपेअर जमेल?"

"तू खाली जा आणि कॉफी पाठव."

आजकालची फिल्म प्लास्टिकसारखी, तिला सिमेंट धरत नाही. फिल्म चिकटवायच्या द्रावणाला आम्ही सिमेंट म्हणतो. जुन्या फिल्मला जुनीच फिल्म लागते. माझ्या कपाटात जुन्या ट्रेलरांचे तुकडे होते. फ्रँक त्यांना गार्बेज म्हणायचा, दोनदा फेकायला निघाला होता. त्यांच्या भोकांच्या कडा कापल्या, ब्लेडने खरवडल्या आणि फाटक्या कडेवर भोकाला भोक जुळवून चिकटवत गेलो. एका फ्रेमला चार भोकं. सहा फुटांत तीनशे चौऱ्याऐंशी. कोल्हापूरची रीत!

पावणेसातला शेवटचं भोक बसलं. कड जाड झाली होती, म्हणून मशीनचा दाब थोडा सैल केला.

तिसरं रीळ लागलं. मी खिडकीला डोळा लावला. एक हात मशीनवर. फाटका भाग आला. मशीन टरटरलं, चित्र एकदा थरथरलं, आणि वेटर ट्रे घेऊन चालायला लागला. एक, दोन, तीन, चार. गेला! पार गेला!

पहिल्या रांगेतलं पांढरं डोकं ताडकन उभं राहिलं. म्हातारा इटालियनमध्ये जोरात काहीतरी ओरडला आणि अख्खा हॉल हसून टाळ्या वाजवायला लागला. मी एकटाच वर नाचत होतो.

शो संपल्यावर फ्रँक धापा टाकत आला. "काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, गाढवा, ट्रे वाकडा धरलायस!"

मग स्टेजवर फ्रँकने सांगितलं, "आम्ही प्रिंट खास रिपेअर केली." आम्ही म्हणे! दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने माझ्या कपाटावर लेबल लावलं: गार्बेज नाही.

कात्री कुणीही चालवतो. आधी बघावं, त्या तुकड्यात कोण चाललंय.