जामिनाचं शेवटचं पान

आमच्या कोर्टात बाई म्हटलं की एकच, साहेबांच्या लघुलेखक. साहेब सांगतात, बाई वहीत शॉर्टहँडच्या रेघोट्या ओढतात, मग टाइप करतात आणि साहेब सही करतात. अठ्ठावीस वर्षांत पाच साहेब आले नि गेले, बाईंची खुर्ची तीच. साहेब नुसते खोकले तरी बाई उतरवून घेतील, असं मी त्यांना चिडवायचो. मी याच कोर्टातला कारकून, माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून. तेव्हा चिडवण्याचा हक्क माझाच.

साहेब जेवणाच्या सुट्टीआधी आपल्या खोलीत निकाल सांगून मोकळे होत आणि सुट्टीनंतर तो कोर्टात वाचला जाई. मधल्या वेळात तो फक्त बाईंच्या वहीत असे. वकील त्यांच्या मागे-पुढे करत, पण बाई ताकास तूर लागू देत नसत. एकदा तर त्यांच्या नणंदेच्याच शेजाऱ्यांचा घराचा दावा होता. नणंद समोर बसून खोदून खोदून विचारत होती आणि बाई तिला डब्यातली पोळी पुढे करत होत्या. नणंदेनं वर्षभर अबोला धरला. बाईंना त्याचं काही नव्हतं, उलट घर शांत झालं म्हणायच्या.

गेल्या वर्षी शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरचं प्रकरण आलं. चौदा सेकंदांचा व्हिडिओ होता. ड्रायव्हर एका लहान मुलीला दंडाला धरून खेचतो आणि रस्त्याकडेला आपटतो. मुलीचा हात मोडला होता. तो व्हिडिओ पाहिला नाही असा माणूस शहरात शोधून सापडला नसता. मीही पाहिला, संतापलो आणि चार जणांना पाठवला. खोटं कशाला बोलू?

जामिनाच्या अर्जाबरोबर त्याच्या वकिलानं समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं अख्खं चित्रण जोडलं होतं. साहेबांनी ते खोलीत लावलं तेव्हा बाई आणि मी तिथेच होतो. पाण्याचा टँकर मागे येतोय, मुलगी पडलेली कंपासपेटी उचलायला वाकते आणि हा माणूस धावत येऊन तिला ओढून काढतो. टँकरचं चाक पेटीवरून जातं. साहेबांनी ते दोनदा पाहिलं. मी पाठवलेला व्हिडिओ आठवून मला मान वर करवेना.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. तीन पानं झाली. चित्रणात काय दिसतं, माणसाचा हेतू काय होता, आणि शेवटी, जामीन मंजूर. बाहेर बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. बाई वही छातीशी धरून तिच्यासमोरून गेल्या. त्या दिवशी मात्र त्यांना चेहरा कोरा ठेवणं जड जात होतं.

सुट्टी संपायला वीस मिनिटं असताना साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांचा डबा उघडलेलाच नव्हता. फोन टेबलावर पालथा पडून सारखा थरथरत होता. त्यांनी तो उलटून आमच्यापुढे सरकवला. साहेबांचा फोटो, घराचं फाटक, आणि खाली त्यांच्या मुलीच्या कॉलेजचं नाव, ती किती वाजता सुटते ती वेळ. ‘जामीन दिलात तर आम्हालाही हात धरता येतो.’ एकेचाळीस हजार लोकांना ते आवडलं होतं. 

“बाई, शेवटचं पान पुन्हा घ्या,” साहेब म्हणाले.

पहिली दोन पानं त्यांनी तशीच ठेवली. शेवटी फक्त एवढंच सांगितलं, तथापि जनमानसातील तीव्र भावना पाहता अर्ज फेटाळण्यात येत आहे.

बाईंची पेन्सिल हलली नाही. “साहेब, पुन्हा सांगता?”

एखादा शब्द निसटला तरच त्या असं विचारत. साहेबांनी वाक्य पुन्हा सांगितलं. आवाज खाली गेला होता.

“साहेब, पुन्हा सांगता?”

“बाई, तुम्हाला नीट ऐकू आलंय.” साहेब खिडकीकडे बघत होते. “मला एकच मुलगी आहे हो.”

बाईंनी लिहून घेतलं. टाइप करताना इतक्या चुका झाल्या, की पान दोनदा बदलावं लागलं. मला साहेबांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली, कारण माझीही मुलगी त्याच सुमारास कॉलेजातून सुटते.

निकाल वाचला गेला. पहिली दोन पानं ऐकताना ड्रायव्हरच्या बायकोचा चेहरा उजळत गेला. शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात शिरलंच नाही. “मग आज घरी येतील ना हे?” तिनं मला विचारलं. मी फायली आवरायला लागलो.

संध्याकाळी त्याच लोकांनी साहेबांचा फोटो पुन्हा टाकला. या वेळी खाली लिहिलं होतं, ‘आपला माणूस’.

तीन आठवड्यांनी ड्रायव्हरची बायको पुन्हा आली. व्हरांड्यात आम्हा दोघांना तिनं गाठलं. तुरुंगातल्या लोकांनीही तो चौदा सेकंदांचा व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी ड्रायव्हरला इतकं मारलं, की त्याला एका कानानं ऐकू येईनासं झालं.

“वरच्या कोर्टात जायचंय,” तिनं फोन पुढे केला. “अख्खं चित्रण यात आहे. तिथे कुणाला दाखवू, सांगा ना.”

“कोर्टात नको,” बाई म्हणाल्या. “आधी लोकांना दाखवा. मुलांना शेजारी बसवा आणि रडा. चेहरा नीट दिसू दे. लाखभर लोक तुमच्या बाजूनं ओरडले, की मग अर्ज करा.”

“आणि नाही ओरडले तर?”

बाईंनी तिचा फोन तिच्याकडेच परत सरकवला. मी मध्ये पडलो.

“बाई, काय बोलताय हे? कोर्टात उभं राहून?”

“खोटं आहे का, भाऊ? सांगा, खोटं आहे का?” त्यांचा आवाज चढला.

मी उत्तर देण्याआधी इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला एकानं फोन वर धरला होता, आमच्याच दिशेनं. मी हातातली फाइल तोंडासमोर धरली आणि बाईंना तिथेच टाकून आत पळालो.