हुशार झाल्यावर दिसते
आमच्या शाळेत मुलांना मार्कांप्रमाणे बसवत. हुशार पोरं खिडकीकडच्या तरटाच्या टाटपट्टीवर, बरी मधल्या पट्ट्यांवर आणि कच्ची पार पलीकडे, भिंतीला लागून. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बदलावं असंही कोणाला सुचत नव्हतं.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीतली चार वर्गांची ती प्राथमिक शाळा. मी नवी, पहिलीची बाई. त्याआधी मी मोर्चांची पत्रकं लिहीत असे, आणि शाळेतही मी पत्रकासारखीच बोलते, असं आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे गुरुजी, म्हणायचे. बोलायचेच मी. गप्प बसण्यासारखं तिथं काय होतं?

तिसरीच्या बाई शाळेत सगळ्यांत जुन्या. त्यांच्या वर्गात भिंतीकडे बसणारी एक मुलगी दोनदा नापास झाली होती. शेजारणीच्या पाटीत बघून उतरवते म्हणून रोज बोलणी खायची. दिवाळीनंतर तिची आई आली. ती घरी बिड्या वळायची. म्हणाली, पुन्हा नापासच होणार असेल तर नाव आत्ताच काढून द्या, माझ्या हाताखाली पानं तरी कापेल. मोठ्या गुरुजींनी वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा म्हणून कसंबसं तिला परत पाठवलं. म्हणजे ही परीक्षा गेली की पोरगी बिड्यांना बसणार. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मुलगी नापास नाही, शिकवणं नापास आहे. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

महिन्यातून एका शनिवारी शिक्षकांनी एकमेकांचा पाठ बघावा, असा वरून हुकूम होता. आमच्याकडे तो चहावर उरकत. पाठ पाहिला असं लिहायचं, सह्या करायच्या, मोठ्या गुरुजींनी काटोलहून आणलेली संत्री खायची आणि घरी जायचं. मी सही करायला नकार दिला. खरोखर बघणार, आणि तिसरीचाच बघणार, म्हटलं.

बाई म्हणाल्या, "ये नं. पण खुर्ची नाही भेटणार. पोरायसंग खाली बसा लागन."

माझा वर्ग मोठ्या गुरुजींवर सोपवून मी मुद्दाम त्याच मुलीशेजारी बसले. बाईंनी फळ्यावर वजाबाक्या लिहिल्या. मी मान वर केली तर फळ्यावर काहीच नव्हतं. खिडकीतला सगळा उजेड त्याच्यावर पडून तो नव्या पत्र्यासारखा चमकत होता. पुढे वाकले, मागे सरले, तेव्हा कुठे कोपऱ्यातला एक आकडा दिसला. शेजारच्या मुलीनं सवयीनं मधल्या पट्टीवरच्या पोरीच्या पाटीत डोकावून गणित उतरवलं.

"पाह्यलं?" बाई मला म्हणाल्या. "हे असं नकल करून राह्यते."

मी बाईंना तिथं येऊन बसायला सांगितलं. त्यांनी गुडघ्यांची तक्रार केली, मी ऐकली नाही. भिंत धरून त्या खाली बसल्या आणि बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग मुलीला हळूच म्हणाल्या, "काहून नाही सांगितलं वं?"

"मले वाटलं," ती म्हणाली, "हुशार झाल्यावर दिसते."

त्या फळ्याला मोठ्या गुरुजींनी तपासणीसाठी ऑइल पेंट मारून घेतला होता. मुलगी तिसरीत आली त्याच वर्षी. आमच्याकडे परीक्षेचे प्रश्नही फळ्यावरच लिहीत. म्हणजे दोन्ही वेळा ती न दिसलेल्या प्रश्नांवर नापास झाली होती. हे मी मोठ्या गुरुजींना व्हरांड्यात उभी राहून सांगितलं, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. ते म्हणाले, साहेबांनी फळ्याचं कौतुक केलं होतं. मी म्हटलं, साहेब खिडकीशी खुर्चीवर बसले असतील.

बाईंनी मला मागे ओढलं. "गुरुजी, भांडू नका. एकदा बसून पाहा."

धोतर सावरत तेही बसले. सोमवारी पॉलिश पेपर घेऊन आले आणि फळा स्वतः घासला. जुन्या सेलमधली काळी पूड वालाच्या पाल्याच्या रसात कालवून बाईंनी वरून फासली. मुलांनी रोज पट्टी बदलून बसायचं, हेही बाईंनीच ठरवलं. काही हुशार मुलांचे वडील तक्रार घेऊन आले. त्यांना बाईंनी माझ्याकडे पाठवलं.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी त्या माझ्या वर्गात येऊन बसल्या. "किती भरभर बोलतं वं तू," म्हणाल्या. "पोरं काय मोर्च्यात आली?" तेव्हापासून एक वाक्य बोलून मी थांबायला शिकते आहे.

नुसता फळा दिसून मुलगी पास होणार नव्हती. दोन वर्षांचं गणित मागे राहिलं होतं. शाळा सुटल्यावर बाई तिला थांबवून घेत, आणि मी वाचनाचं बघे. हातचा घ्यायला ती फार उशिरा शिकली. निकालात गणितात काठावर होती, पण पास होती.

आई आली. बाईंनी तिला निकाल सांगितला आणि पोरीला फळाच दिसत नव्हता, चूक आमची होती, हेही सांगितलं. तिनं चौथीचा वर्ग कोणता, एवढंच विचारलं. चपला बाहेर काढून आत गेली, भिंतीकडच्या पट्टीवर मांडी घालून बसली आणि फळ्याकडे बघू लागली. तिला वाचता येत नव्हतं.

"पांढरं पांढरं हाय, ते अक्षरं व्हय ना?"

बाई हो म्हणाल्या.

"दिसते," ती म्हणाली. "राहू द्या नाव."