मोटारीला आवतण

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका प्रगतीचा कडवा वैरी आणि त्याच प्रगतीचा इतका अगत्यशील यजमान अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते मोटारीला घाबरत, ही दिग्रसच्या बाजारात आजही चहाबरोबर मिळणारी कथा निखालस खोटी आहे. ती सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तेथे नव्हता; मी होतो.

आमचे वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, त्यानंतरच्या एकदोन वर्षांत दिग्रसजवळच्या त्यांच्या गावावरून सरकारी मोटार धावू लागली. मेहुण्यांनी अंगणात उभे राहून ती पाहिली आणि निकाल दिला, "जे चारा खात नाही, त्याले आपली दया काहून येईन?" त्या डब्यात पाय ठेवणार नाही, अशी त्यांनी चारचौघांत शपथ घेतली. बाजार असो की लग्नकार्य, ते दमणीनेच जात. ती हलकी, छपराची बैलगाडी ते स्वतः हाकत आणि राजा-परधान या बैलजोडीला चाबूक कसा तो ठाऊक नव्हता. परगावच्या लग्नाला ते आदल्या दिवशी निघत, अक्षता पडून गेल्यावर पोहोचत आणि यजमानालाच सुनावत, "लय घाई केली बावा तुमी." वाटेत चढ लागला की बैलांचे ओझे हलके व्हावे म्हणून ते खाली उतरत, आणि सवारीलाही उतरवीत. दिवाळसणाला आलेल्या मलासुद्धा त्यांनी जरीकाठी धोतरानिशी पायी चालविले होते. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "पुरनपोळ्या तुमी हानल्या, जवाई. बैलाचा काय गुन्हा?"

अशा माणसाकडे मी एका सकाळी यवतमाळहून मोटारीने धावत आलो. माझी पत्नी, म्हणजे त्यांची एकुलती बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी इस्पितळात होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती आणि तिने एकच हट्ट धरला होता: आधी दादाला पाहीन. डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबायला तयार झाले होते. मेहुण्यांनी लगेच दमणी जुंपली. दुपारच्या मोटारीने चला, असे मी परोपरीने विनविले. ते म्हणाले, "माहे बैल पोहोचवतात."

बैल खरोखर वाऱ्यासारखे धावले. दोन कोस गेलो असू, तोच मागून मोटारीचा भोंगा ऐकू आला. येथे बाजारवाले सांगतात की मोटारीने शर्यत जिंकली आणि बैल गुडघ्यावर आले. साफ खोटे. बैल धावतच होते. मेहुण्यांनी आपण होऊन कासरा ओढला. परधानच्या तोंडाला फेस आला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "याइले मारून बहिनीले भेटाले नाही जात मी." दमणी घराच्या दिशेने वळवून त्यांनी राजाच्या पाठीवर थाप मारली; घरची वाट त्या जोडीला पाठ होती. मग रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी हात वर केला.

मोटार थांबली, आम्ही बसलो. दारव्ह्याच्या पुढे एका चढावर इंजिन कण्हू लागले, तसे मेहुणे अस्वस्थ झाले. "थांबव ना गा. दम लागला त्याले. उतरतो मी."

"बसा न जी, बुढेबुवा," ड्रायव्हर म्हणाला. "हे काय बैल हाय?"

"बैल नाही म्हनून का जीव घेतं त्याचा?"

ते उतरले आणि चढभर मोटारीच्या बाजूने, तिच्या पत्र्यावर हात ठेवून चालले. भीतीने उतरले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: घाबरलेला माणूस मोटारीला "हळू बेटा, हळू" म्हणत नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही इस्पितळात पोहोचलो. पत्नीने विचारले, "दादा, तू मोटरीत बसला?"

"कुठं वं? अर्धी वाट तं पायीच आलो."

ती हसली, आणि हसतच आत गेली. माझी थोरली मुलगी त्याच संध्याकाळची.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, मेहुण्यांनी राजा-परधानच्या खांद्यांना लोणी-हळद लावली आणि उरलेली वाटी घेऊन ते रस्त्यावर गेले. मोटार थांबवून पळसाच्या पानाने त्यांनी तिच्या दोन्ही पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला लोणी चोळले आणि बैलांना म्हणतात तेच म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वेड लागले, असे गाव म्हणाले. वाटी मी धरली होती. वेड असेल तर दोघांना होते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर खरोखरच उतरला आणि उभ्याउभ्या पुरणपोळी खाऊन गेला.

पुढे काही वर्षांनी राजा गेला, त्यामागून परधान. रस्ता डांबरी झाला, मोटार जलद झाली आणि जलद मोटारी लहान गावांना थांबत नाहीत. इस्पितळ आता दोन तासांवर आले, हे मी नाकारत नाही. मेहुण्यांनीही कधी नाकारले नाही. मात्र खांदशेकणीच्या दिवशी ते वाटी घेऊन उभे राहात. मोटार धूळ न उडवता समोरून निघून जाई. ते तिच्या पाठीकडे पाहात हळूच म्हणत, "आज आवतन घ्या," आणि दुसऱ्या दिवशी एक पान जास्त वाढायला लावीत.