माकडाच्या भावकीत सोयरीक

निपाणीहून बेळगावची मोटार सकाळी सुटते म्हणतात, पण लढाईमुळं पेट्रोल नाही, गाडी कोळशावर चालते. भट्टी तापेल तेव्हा सुटायची. मी जरीचा पटका बांधून पुढच्याच बाकावर बसलो. नात कमळीसाठी स्थळ बघायला निघालो होतो. तिचा बाप, माझा मुलगा, वारला. म्हणून होकार-नकार माझाच. तीन यत्ता शिकलोय मी, पण सोयरीक कशी बघायची हे मला कुणी शिकवू नये.

संकेश्वर मागं पडलं, वंटमुरीचा घाट लागला आणि गाडीनं दम सोडला. ड्रायव्हर कानडीत ओरडला, "इळीरी, इळीरी!" (उतरा, उतरा). मी उतरलो, पण ढकलायला हात लावला नाही. शेजारचा मिरचीवाला म्हणाला, "आप्पा, पटका सांभाळत बसलासा तर हितंच रात्र हुईल!" मग लावला. पटका काजळीनं काळा झाला तो झालाच.

नवऱ्या मुलाचं घर बेळगावात टिळकवाडीला, नेटकं. मुलगा हायस्कुलात मास्तर. त्याच्या आईनं कुंदा (आटवलेल्या दुधाची बेळगावी मिठाई) पुढं ठेवला. रीतीप्रमाणं मी आधी कूळ विचारलं, मग देवक (लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह). आमचं कळंब, त्यांचं मोरपीस. वेगळं निघालं, म्हणजे लग्नाला अडचण नाही. घास उचलला आणि भिंतीवरच्या चित्राकडं नजर गेली. पुढं वाकलेलं माकडासारखं जनावर, मग केसाळ, मग ताठ उभा उघडा माणूस. सगळे एका रांगेत.

"हे कुठल्या नाटकातलं सोंग?"

"नाटक न्हवं, आप्पा," मास्तर म्हणाला. "वर्गात शिकवतो मी. माकडाचा आणि माणसाचा मूळपुरुष एकच."

घास हातातच राहिला. पितरपाटात (पितृपक्षात) मी ज्यांच्या नावानं घास ठेवतो, ते असले?

"म्हंजे सगळी एकच भावकी! मग तुमचं-आमचं कूळबी एकच झालं की. भावकीत पोरगी देतो व्हय मी?"

त्याची आई घाईनं म्हणाली, "नोकरीपायी शिकवतो हो, आप्पा. मनात न्हाय त्याच्या."

मीही वाट करून दिली. "तेवढं तुझ्या तोंडानं म्हण, मास्तर. आत्ता सुपारी फोडतो."

त्यानं आईकडं बघितलंसुद्धा नाही. "मला पटलंय म्हणून शिकवतो, आप्पा. आणि सगळी माणसं मनूची लेकरं, हे तर तुम्ही मानतासा न्हवं? मग तितंबी भावकी एकच."

जन्मभर पुराण ऐकलं, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. सुपारी न फोडताच उठलो. पायताण उलटं घातलंय हे रस्त्यावर आल्यावर कळलं.

परतीला घाटात झाडांवर वानरं बसली होती. मारुतीची म्हणून मी नेहमी हात जोडतो. तेव्हाही जोडले, पण त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

कमळी दारातच उभी. "आज्जा, मोडलं व्हय?"

"चुकतंय ते पोरगं. लई चुकतंय."

तिनं मान खाली घातली.

"पण पोरगी हातची जात होती, तरी खोटं बोललं न्हाय. वर बघ."

माकडाचं मी मानत नाही, मरेपर्यंत मानणार नाही. पण भटजीला मुहूर्त जवळचा काढायला सांगितलाय. त्या मास्तरला ताळ्यावर आणायला वर्षं लागतील, आणि माझ्याजवळ ती फार उरली नाहीत.