बंद दारांची अक्षत

गणेशोत्सवाआधी काशीतल्या दूधविनायकच्या गल्ल्यांतून मराठी घरांना आमंत्रणाची अक्षत द्यायचं काम बाबांचं. कुलूप असलेल्या दारापुढेही ते थांबत, आमंत्रण म्हणत, उंबऱ्यावर चार तांदूळ ठेवत. गुडघे गेलेले, पायऱ्या उंच. मला बघवेना, आणि खरं सांगायचं तर माझी अक्कलही मला स्वस्थ बसू देईना.

मी घरी बसून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, कोड लिहिते. तिथे चौसष्ट खान्यांची पट्टी असते. काम खोळंबलंय तिथे एक, नाही तिथे शून्य. सगळे खाने तपासत जाणं हा शुद्ध गाढवपणा. पहिला एक कुठे आहे ते प्रोसेसरला विचारायचं, तिथलं काम उरकायचं, तो एक पुसायचा, पुढचा विचारायचा. शून्यांकडे फिरकायचंच नाही.

हेच बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "ताला लागला असला तरी घर आपलंच आहे न?" मी कुठली ऐकते! गेल्या वर्षी फेरीच्या पंधरा दिवस आधीच चौकशी करून फक्त उघड्या घरांची यादी केली आणि त्यांच्या हातात कोंबली. फेरी एका सकाळीत आटोपली. मी घरभर मिरवून घेतलं.

बाबांना बाराखडी शिकवणाऱ्या बाई मुलाकडे नागपूरला होत्या, म्हणून यादीत नव्हत्या. यादी झाल्यावर त्या परतल्या होत्या, मरण काशीतच यावं म्हणून. शेजारच्या दारात बाबांचा आवाज ऐकून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. बाबा यादी बघत पुढे गेले. शेजारीण म्हणाली, "हाक मारू का?"

"नको. आमंत्रण मागून घेत नाहीत."

चतुर्थीआधीच त्या गेल्या. शेजारणीने हे बाबांना घाटावर सांगितलं.

त्याच आठवड्यात मी एका सहकाऱ्याचा कोड तोऱ्यात परत पाठवला होता. पट्टीची नक्कल घेऊन तो फेरी मारत होता, पण शेवटी मूळ पट्टी पुन्हा वाचत नव्हता. मधल्या वेळात नवा एक आला तर त्याला कोण बघणार, असं मीच खाली लिहिलं होतं. स्वतःची लाज वाटते, अजूनही.

या वर्षी बाबा पुन्हा दारोदार गेले. मी म्हटलं, वाटी धरायला येते. "तू राहू दे," म्हणाले. बाईंच्या बंद दारापुढे ते बराच वेळ उभे होते. हेही मला शेजारणीकडूनच कळलं.